मारहाणीत जखमी झालेला तरुण, त्याची दारू आणि त्याचा गांजा

अमेरिकेतील मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. मोटारींच्या कारखान्यांवर उभे राहिलेले आणि ते कारखाने बंद पडत गेल्यावर खचलेले हे शहर २०१४ नंतर दूषित पाण्यामुळे जगाला ठाऊक झाले. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून तेथील हर्ली मेडिकल सेंटर या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात मिशिगन विद्यापीठातील संशोधकांचा एक गट वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागला होता. भोसकलेला, गोळी लागलेला किंवा मारहाणीत जबडा फुटलेला तरुण टाके घालून घरी जातो, त्यानंतर त्याचे काय होते?

डिसेंबर २००९ ते सप्टेंबर २०११ या काळात त्यांनी १४ ते २४ वर्षे वयाच्या ५९९ तरुण-तरुणींना अभ्यासात घेतले आणि पुढे दोन वर्षे प्रत्येकाचा माग ठेवला. हे सर्व जण कोणते ना कोणते अमली द्रव्य घेणारे होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत ते द्रव्य गांजा हे होते. ३४९ जण मारहाणीच्या जखमा घेऊन आलेले होते, तर २५० जण अन्य कारणांनी रुग्णालयात आले होते. दोन वर्षांत पहिल्या गटातील जवळपास ३७ टक्के तरुण पुन्हा हिंसेत जखमी होऊन तातडीच्या विभागात परतले. दुसऱ्या गटात हे प्रमाण २२ टक्के होते. हा दुसरा आकडाही लहान नाही, हे वाचताना सुटून जाते. पोटदुखी किंवा तापासाठी आलेल्या, पण नशा करणाऱ्या तरुणांपैकीही पाचातला एक जण पुढे हिंसेत जखमी होतो, असा त्याचा अर्थ आहे. आणखी एक गोष्ट या अभ्यासातून पुढे आली: ज्यांची नशा व्यसनाच्या पातळीला पोहोचली होती आणि ज्यांना आघातानंतरचा मानसिक विकार जडला होता, त्यांना पुन्हा जखमी होण्याचा धोका अधिक होता.

या लेखाचा विषय याच टप्प्यावर सुरू होतो. जखम बांधताना त्याच बैठकीत दारू आणि गांजा कमी करण्यासाठी काही करता येते का, आणि केले तर त्याचा उपयोग होतो का? उत्तर ‘होतो, पण’ असे आहे, आणि लेखाचा बराचसा भाग त्या ‘पण’विषयी आहे.

नशा आणि हिंसा यांचे नाते

दारू आणि मारामारी यांचा संबंध सर्वांना माहीत असतो, परंतु तो नेमका कसा घडतो हे सहसा नीट सांगितले जात नाही. दारूने माणूस मुळात दुष्ट होत नाही. त्याचे लक्ष आकसते. १९९० साली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या आकसण्याला दारूची लघुदृष्टी म्हटले. नशेत असलेल्या माणसाला समोरचा धक्का, समोरची शिवी, समोरची नजर स्पष्ट दिसते, पण उद्याची नोकरी, घरी वाट पाहणारी आई, समोरच्याच्या खिशात चाकू असण्याची शक्यता या दूरच्या गोष्टी त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातून बाहेर जातात. शुद्धीवर असलेला तरुण जी शिवी ऐकून न ऐकल्यासारखी करील, तीच शिवी चार पेग झाल्यावर संपूर्ण जगाएवढी मोठी होते. शिवाय प्यायलेला माणूस केवळ मारणारा नसतो, तो सोपे सावजही असतो: त्याला धोका उशिरा कळतो, पाय साथ देत नाहीत, आणि रात्री एकटा घरी जाण्याचा निर्णय त्याला शहाणपणाचा वाटतो.

गांजाचे गणित निराळे आहे. गांजा ओढल्यावर माणूस त्या क्षणी हात उगारायला उठतो असे सहसा होत नाही, आणि गांजा व हिंसा यांच्यात आढळणारा संबंध थेट कारणाचा आहे की परिस्थितीचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला परिस्थितीचा वाटा अधिक दिसतो. गांजा विकत घेण्यासाठी जिथे जावे लागते, ज्यांच्याशी उधारी होते, ज्या वेळी भेटावे लागते, त्या सगळ्यांतच धोका असतो. मिशिगनमध्ये २०१८ च्या जनमतानंतर २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी गांजा कायदेशीर झाला. पण १८ ते २० या वयातल्यांना दुकानाचे दार बंदच राहिले. दुसरा धागा शरीरातला आहे. रोज ओढणाऱ्याने अचानक थांबवले की एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, झोपमोड आणि भूक मंदावणे सुरू होते, पहिल्या आठवड्यात ते शिगेला पोहोचते आणि साधारण दोन आठवडे टिकते. हाताला प्लास्टर, खिशात पैसे नाहीत, गांजा बंद, आणि ज्याने मारले तो गल्लीच्या टोकाला उभा, अशा आठवड्यात चिडका माणूस काय करील याचा अंदाज बांधण्यासाठी संशोधनाची गरज नाही.

इथवरचे वर्णन जखमेच्या आधीचे झाले. जखमेनंतरचे चित्र अधिक गुंतागुंतीचे असते, आणि तेच बहुतेक सल्ल्यांतून वगळले जाते. ज्याच्यावर हल्ला झाला आहे त्या तरुणाला रात्री झोप येत नाही. डोळे मिटले की प्रसंग पुन्हा घडतो, दार वाजले की छाती धडधडते, मागून कोणी चालत आले की हात आपोआप मुठीत जातो. या अवस्थेत दारू आणि गांजा ही दोन्ही खरोखरच काम करतात, निदान सुरुवातीला. दारूने डोळा लवकर लागतो. मात्र तीच दारू उत्तररात्री झोप तोडते. गांजा स्वप्नांची झोप दडपतो आणि त्यामुळे दुःस्वप्ने कमी होतात; पण तो बंद केला की ती झोप दुपटीने परत येते आणि स्वप्ने पूर्वीपेक्षा ठसठशीत होतात. तरुणाचा निष्कर्ष साहजिकच असा निघतो की आपल्याला गांजावाचून झोप येत नाही. त्याच्या अनुभवाच्या मर्यादेत तो निष्कर्ष चुकीचा नसतो. म्हणून ‘हे तुझ्या तब्येतीला वाईट आहे’ या वाक्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तेच त्याच्या तब्येतीचे एकमेव औषध असते. झोप, वेदना आणि भीती यांना हात न लावता फक्त पेग मोजणारा उपचार अर्धाच राहतो, हे या विषयातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सूत्र आहे.

खाटेशेजारचे बोलणे

या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत एका विशिष्ट प्रकारच्या संभाषणाची आहे. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तिची पहिली मांडणी केली, आणि पुढे वेल्समधील स्टीफन रोलनिक यांच्यासह तिला आकार दिला. मराठीत तिला प्रेरणादायी मुलाखत म्हणण्याची रीत पडली आहे, पण या नावावरून जे भाषण डोळ्यांसमोर येते त्याच्या ती नेमकी उलट आहे. तिच्यात समुपदेशक कमी बोलतो. नशा करणाऱ्या जवळपास प्रत्येक माणसाच्या मनात दोन बाजू असतात, एक थांबावे म्हणणारी आणि एक चालू ठेवावे म्हणणारी. बाहेरच्या माणसाने पहिल्या बाजूची वकिली सुरू केली की त्या माणसाला दुसऱ्या बाजूची वकिली करणे भाग पडते, आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. घरातल्या भांडणांत हेच रोज घडते: वडील जितके ओरडतात, तितका मुलगा आपली बाजू घट्ट करतो. म्हणून समुपदेशकाने थांबण्याची कारणे सांगायची नसतात, ती तरुणाच्या तोंडून यावीत अशी वाट करून द्यायची असते.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते समजण्यासाठी एक काल्पनिक संवाद घेऊ. बावीस वर्षांच्या तरुणाच्या भुवईवर टाके आहेत. समुपदेशक आधी परवानगी मागतो: ‘तुझ्याशी पंधरा-वीस मिनिटे बोलू का? नको वाटले तर तसे सांग.’ मग विचारतो, ‘दारू पिण्यात तुला काय आवडते?’ तरुण चकित होतो, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसतो. तो सांगतो की मित्र जमतात, डोके शांत होते. समुपदेशक ते खोडत नाही. ‘दिवसभराचा ताण तिथे उतरतो,’ एवढे म्हणून थांबतो. त्यानंतर, ‘आणि न आवडणारे काही?’ इथे तरुण स्वतःच म्हणतो की त्या रात्री प्यायलो नसतो तर वाद सुरू झाल्यावर निघून गेलो असतो. समुपदेशक विचारतो, ‘शून्य ते दहाच्या पट्टीवर, कमी करणे तुला किती महत्त्वाचे वाटते?’ ‘चार.’ आता येणारा प्रश्न या पद्धतीतली खरी कलाकुसर आहे. ‘चारच का, आठ का नाही?’ असे विचारले तर तरुण न सोडण्याची कारणे मोजू लागतो. त्याऐवजी समुपदेशक म्हणतो, ‘चार म्हणालास, एक का नाही म्हणालास?’ आणि तरुण आपल्या तोंडाने सोडण्याची कारणे सांगू लागतो.

शेवटी एक छोटी योजना ठरते, आणि ती ‘यापुढे कधीच नाही’ अशी असेलच असे नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी प्यायची नाही, बाहेर पिताना तीनवर थांबायचे, गांजा घेऊन त्या विशिष्ट मैदानावर जायचे नाही, टाके असेपर्यंत दोन्ही बंद ठेवायचे, अशा गोष्टी त्यात येतात. व्यसनमुक्ती म्हणजे पूर्ण वर्ज्य, याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे ढिलेपणाचे वाटेल. जो व्यसनाधीन झाला आहे त्याच्यासाठी पूर्ण थांबणे हाच सुरक्षित मार्ग असतो, यात शंका नाही. परंतु जखमी तरुणांतील बरेच जण व्यसनाधीन नसतात; ते शुक्रवारी-शनिवारी खूप पिणारे असतात. त्यांच्यासमोर ‘कायमचे सोड’ हा एकच दरवाजा ठेवला तर ते त्यातून आत न शिरता निघून जातात.

आकडे काय सांगतात

या पद्धतीची सर्वांत गाजलेली चाचणी सिअॅटलमधील हार्बरव्ह्यू मेडिकल सेंटर या रुग्णालयात झाली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर १९९४ ते नोव्हेंबर १९९६ या काळात जखमी होऊन दाखल झालेल्या आणि दारूची समस्या असलेल्या ७६२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला सुमारे अर्ध्या तासाचे एकच संभाषण आणि महिन्याभराने एक पत्र मिळाले. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. वर्षानंतर पहिल्या गटाचे पिणे आठवड्याला सरासरी २२ पेयमात्रांनी उतरले होते, तर दुसऱ्या गटाचे सुमारे ७ मात्रांनी. पुन्हा जखमी होऊन रुग्णालयात येण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसले, मात्र संख्याशास्त्राच्या कठोर कसोटीवर हा आकडा काठावरचा होता, ही गोष्ट त्याचा उल्लेख करणारे अनेकदा विसरतात. फायदा मुख्यतः सौम्य आणि मध्यम समस्या असलेल्यांना झाला. तरीही या चाचणीचा प्रभाव एवढा पडला की अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या २००६ च्या नियमावलीत मोठ्या ट्रॉमा केंद्रांवर दारूविषयी विचारपूस करणे बंधनकारक झाले, आणि सर्वोच्च श्रेणीच्या केंद्रांवर असे संभाषण करणेही.

मला मात्र सिअॅटलपेक्षा कार्डिफची चाचणी अधिक आवडते, कारण ती एका साध्या निरीक्षणावर उभी होती. वेल्समधील या शहरात दारूच्या नशेत चेहऱ्याला जखमा झालेले तरुण पुरुष मोठ्या संख्येने येत. अपघात विभागात मध्यरात्री त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे, कारण ते नशेत असत; पण काही दिवसांनी ते टाके काढायला परत येत, आणि तेव्हा ते शुद्धीवर, आरशात स्वतःचा चेहरा पाहून आलेले असत. टाके काढणाऱ्या परिचारिकेनेच हे छोटे संभाषण करायचे ठरले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर धोकादायक प्रमाणात पिणाऱ्यांचा वाटा संभाषण झालेल्या गटात ६० टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आला, तर दुसऱ्या गटात तो ५४ वरून ५१ असा जेमतेम हलला. वेगळा तज्ज्ञ नाही, वेगळी वेळ नाही. रुग्ण जिथे येणारच होता तिथे आणि तो ऐकू शकेल तेव्हा बोलणे झाले.

सिअॅटलची चाचणी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, म्हणजे १९९९ मध्ये, ऱ्होड आयलंड राज्यातून आलेल्या एका लहान चाचणीने चित्रात एक महत्त्वाची छटा भरली. दारूशी संबंधित घटनेनंतर रुग्णालयात आलेल्या १८-१९ वर्षांच्या ९४ तरुणांपैकी ज्यांच्याशी संभाषण झाले आणि ज्यांच्याशी झाले नाही, त्या दोन्ही गटांचे पिणे पुढे सारखेच कमी झाले. जखमेचा धक्काच तेवढे काम करून गेला. फरक पडला तो परिणामांत: संभाषण झालेल्या तरुणांनी पिऊन गाडी चालवणे कमी केले आणि त्यांना दारूमुळे होणाऱ्या जखमाही कमी झाल्या. फ्लिंटमध्ये १४ ते १८ वयाच्या, गेल्या वर्षात दारू प्यायलेल्या आणि मारामारीत असलेल्या ७२६ मुलामुलींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही हाच नमुना दिसतो. समुपदेशकाशी एकदाच बोलणे झालेल्या गटात तीन महिन्यांनी समवयस्कांशी हाणामारी करणाऱ्यांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले, तर फक्त माहितीपत्रक मिळालेल्या गटात १६ टक्क्यांनी. आणि सहा महिन्यांनी दारूमुळे ओढवणाऱ्या अडचणीही अधिक कमी झाल्या. ‘किती प्यायला’ यापेक्षा ‘पिऊन काय घडले’ हे आधी बदलते, असे या चाचण्या एकत्र वाचल्यावर दिसते. ही सर्व माहिती मुख्यतः तरुणांनी स्वतः दिलेली होती, आणि विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून माणूस कमी सांगतो, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

गांजाबाबत पुरावा का डळमळतो

दारूच्या बाबतीत दिसलेले यश गांजालाही लागू होईल अशी अपेक्षा होती. बोस्टनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने ती वाढवली: १४ ते २१ वयाच्या २१० जणांपैकी, समवयस्क मार्गदर्शकांशी संभाषण झालेल्यांतील ४५ टक्के वर्षानंतर गांजापासून दूर होते, तर तुलनेच्या गटातील २२ टक्के. पण २०१४ मध्ये लागोपाठ तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, त्यांतील दोन बाह्यरुग्ण दवाखान्यांतील आणि एक सहा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील १,२८५ रुग्णांवरची, आणि तिन्हींनी एकच सांगितले: अमली द्रव्यांच्या बाबतीत असे छोटे संभाषण केल्याने द्रव्याचा वापर लक्षणीय कमी होत नाही.

हा विरोधाभास कसा सोडवायचा? या तीन चाचण्यांतले रुग्ण प्रौढ होते, अनेकांचे व्यसन जुने होते, आणि त्यांच्या भेटीचा द्रव्याशी थेट संबंध असेलच असे नव्हते. बोस्टनचे रुग्ण कोवळ्या वयाचे होते आणि बोलणारे त्यांच्याच पिढीतले. माझ्या मते खरा मुद्दा असा आहे की दारू आणि जखम यांच्यातला धागा तरुणाला स्वतःला दिसतो, गांजा आणि जखम यांच्यातला दिसत नाही. ‘त्या रात्री प्यायलो नसतो तर’ हे वाक्य सहज उमटते. ‘त्या रात्री ओढला नसता तर’ हे वाक्य तो म्हणत नाही, आणि अनेकदा ते खरेही नसते. म्हणून गांजाविषयीचे बोलणे जखमेच्या दारातून नेता येत नाही. ते झोपेच्या, पैशाच्या, किंवा ‘कोणाकडून आणतोस आणि तिथे जाताना सुरक्षित वाटते का’ या प्रश्नाच्या दारातून न्यावे लागते. आणि ते एका बैठकीत संपत नाही.

घरी गेल्यानंतर

रुग्णालयात मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो, आणि धोका सुरू होतो तो डिस्चार्ज मिळाल्यावर. मित्र विचारतात, ‘त्याला सोडणार आहेस का?’ सूड न घेतल्यास नामर्द ठरण्याची भीती असते आणि घेतल्यास तुरुंगाची किंवा मरणाची. कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये १९९४ मध्ये या प्रश्नाला भिडणारा एक उपक्रम सुरू झाला, ज्याची कल्पना स्वतः गोळी लागून व्हीलचेअरवर आलेल्या एका तरुणाने मांडली होती. जखमी तरुणाच्या खाटेशी पहिल्यांदा पोहोचणारा माणूस त्याच वस्तीतला, त्याच अनुभवातून गेलेला असावा, आणि त्याने पुढे काही महिने सोबत राहावे, हे त्याचे तत्त्व. तो तरुणाला शाळेत परत घालायला, नोकरीचा अर्ज भरायला, न्यायालयात जायला, गरज पडल्यास घर बदलायला मदत करतो, आणि या सगळ्याच्या ओघात दारू-गांजाचा विषय निघतो. आज अशा कार्यक्रमांचे जाळे अमेरिकेतील अनेक शहरांत आहे. व्यसनाचा समुपदेशक आणि हा सोबती यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे ही चूक ठरते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्याशी आठवड्याचे पेग मोजण्याची चर्चा फार पुढे जात नाही.

सोबत्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून मोबाइलचाही वापर होऊ लागला. पिट्सबर्गमधील तातडीच्या विभागांतून १८ ते २५ वयाच्या ७६५ तरुणांना अभ्यासात घेतले गेले आणि त्यांतील एका गटाला बारा आठवडे मोबाइलवर संदेश पाठवले गेले: आठवड्याच्या शेवटाआधी ‘या वेळी पिण्याचा विचार आहे का’ आणि नंतर ‘प्रत्यक्षात किती झाली’ असे विचारणारे, उत्तराप्रमाणे प्रतिसाद देणारे. २०१४ च्या निष्कर्षांत या गटाचे अतिमद्यपानाचे दिवस कमी झाले, परंतु फक्त प्रश्न विचारले गेले आणि प्रतिसाद दिला गेला नाही त्या गटात ते कमी झाले नाहीत. केवळ विचारपूस पुरत नाही, उत्तराची दखल घ्यावी लागते, एवढे त्यातून निघते.

येथे एक इशारा द्यायला हवा, कारण त्यात जिवाचा प्रश्न असतो. रोज भरपूर पिणारा माणूस जखमी होऊन खाटेवर पडला की त्याची दारू आपोआप बंद होते, आणि सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, जो उपचाराअभावी प्राणघातक ठरू शकतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात हा गोंधळ जखमेमुळे की दारू तुटल्यामुळे, हे ओळखणे अवघड जाते. तसेच ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. गांजा नियमित ओढणाऱ्याला भूल देताना भूलतज्ज्ञाला त्याची कल्पना असणे आवश्यक असते. म्हणून नशेविषयी खरे सांगणे ही नीतीची नव्हे, उपचाराची बाब आहे.

आपल्याकडे खरे सांगण्यातल्या अडचणी

अमेरिकेत याच खरे सांगण्यावर एका जुन्या कायद्याची सावली पडलेली होती. १९४७ च्या एका आदर्श विमा-तरतुदीनुसार नशेत झालेल्या जखमेचा खर्च नाकारण्याची मुभा विमा कंपन्यांना अनेक राज्यांत मिळाली होती, आणि त्यामुळे डॉक्टर रक्तातील दारू तपासण्याचेच टाळत. महाराष्ट्रात चित्र फार वेगळे नाही. अपघात विम्यांच्या अटींत नशेतील जखमेला वगळण्याचे कलम असते, आणि मारहाणीची जखम मेडिको-लीगल म्हणून नोंदवून पोलिसांना कळवली जाते. त्या कागदावर ‘दारूचा वास’ हे शब्द येणार असे दिसले की तरुण आणि त्याचे नातेवाईक दोघेही तोंड मिटतात. विदेशी मद्यासाठी महाराष्ट्रात किमान वय २५ आहे, म्हणजे बावीस वर्षांच्या मुलाला ‘प्यायलास का’ असे विचारणे हेच एका गुन्ह्याची कबुली मागण्यासारखे होते. गांजाचे सेवन तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली दंडनीयच आहे. दुसरीकडे, त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली द्रव्यांशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश करून त्यांच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. हे तरुणाला सांगणारा माणूस कॅज्युअल्टीत बहुधा नसतो.

मोजमापाचा घोळही आपला खास आहे. अमेरिकी चाचण्यांतील एक मात्रा म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध मद्य. आपल्याकडचा ३० मिलीचा पेग साधारण १० ग्रॅमचा, क्वार्टर ६० ग्रॅमची, आणि ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘मी दारू पीत नाही, फक्त दोन बिअर घेतो’ असे सांगणारा तरुण आठ पेग घेत असतो, आणि अमेरिकेत पुरुषासाठी अतिमद्यपान ठरवणारी दोन तासांत पाच मात्रांची रेषा ओलांडत असतो. किती पेग, असे न विचारता कोणती बाटली आणि किती जणांत, असे विचारले तर उत्तर खरे मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची तपासणी, जिच्यात ४० पैकी ८ किंवा अधिक गुण धोक्याचे मानले जातात, ती वापरतानाही हे रूपांतर आधी करावे लागते.

सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे क्रमांक आहेत. व्यसन जडलेले असेल तर १९८६ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचा रस्ता आहे. वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेला किंवा समाजसेवा अधिकाऱ्याला मात्र यातले काहीही सुरू करण्याआधी एक छोटी गोष्ट करावी लागेल. आपल्या रुग्णालयांत जखमी मुलाच्या खाटेभोवती आई, मामा, दोन मित्र आणि गल्लीतला एखादा कार्यकर्ता उभा असतो, आणि त्या मित्रांपैकी एक जण त्या रात्री सोबत प्यायलेला असण्याची शक्यता असते. त्या सर्वांना ड्रेसिंगचे निमित्त काढून पंधरा मिनिटे बाहेर थांबवता आले, तरच पहिला प्रश्न विचारता येतो.